प्रयागबाईचं प्रस्थान

१

समुद्राबद्दल रुपरावाला एकच गोष्ट पक्की ठाऊक होती. तो नागपुरात नाही. बाकीची माहिती त्यानं फोनवरून गोळा करायला घेतली होती. कोकणात वेळकोंड नावाचं गाव, गावाच्या टोकाला सरकारी वनोद्यान, उद्यानात सुरूची झाडं, झाडांमधून गेलेली लाकडी पायवाट, आणि पायवाट जिथं संपते तिथं समुद्राकडं तोंड करून मांडलेले सिमेंटचे बाक. हे सगळं त्याला तिथला रखवालदार दत्ताराम तांडेल यानं सांगितलं. पहिल्या फोनला तांडेल बिचारा फार अदबीनं बोलला. पुढं रुपराव रोजच फोन करायला लागला, आणि प्रश्न असे की ऐकणाऱ्यानं नोकरी सोडून पळावं.

"तांडेलभाऊ, बाकाले पाठ आहे काय? आमच्या म्हातारीची कंबर दुखते."

"आहे काका."

"आन् तोंड कोनीकडं आहे?"

"बाकाचं? समुद्राकडं."

"समुद्राचं तोंड कोनीकडं?"

तिकडून थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला. मग तांडेल म्हणाला, "काका, तुम्ही या. मी समक्ष दाखवतो."

रुपरावानं फोन ठेवला आणि पोट धरून हसला. गडी असाच. जन्म भिवापूरचा, धंदा मिरचीचा, आणि स्वभाव त्याच पोत्यातला. सक्करदऱ्याच्या तलावामागं त्यांची गल्ली आहे, तिथल्या देवळात भंडारा होता, तर या माणसानं माइक हातात घेऊन जाहीर केलं, "एक कवळी सापडली आहे, ज्याची असेल त्यानं ओळख पटवून घेऊन जावी." पंगतीतल्या अर्ध्या म्हाताऱ्यांनी तोंड चाचपलं. तेव्हापासून तो खरं बोलला तरी लोक आधी हसायचे, मग विचार करायचे, आणि विचार करून पुन्हा हसायचे.

त्याची बायको प्रयागबाई मात्र त्याच्यावर विश्वास ठेवायची. नवी नवरी होऊन आली तेव्हा तिनं विचारलं होतं, समुद्र कसा असते जी? या पठ्ठ्यानं तिला सायकलवर बसवून सक्करदरा तलावाच्या काठावर उभं केलं आणि सांगितलं, हा पाहा. तिनं हात जोडले, पाणी डोळ्यांना लावलं, आणि माहेरी जाऊन सगळ्या आळीला समुद्र सांगितला. खरं कळलं तेव्हा ती रुसली नाही, की रडली नाही. एवढंच म्हणाली, "मंग खरा कवा दाखवता?"

मग मिरची झाली, पोरगा झाला, पोराचं लग्न झालं, तो मनीषनगरात राहायला गेला. 'कवा' तेवढं राहून गेलं. आता दोघांचेही गुडघे वाजायला लागल्यावर रुपरावानं मनावर घेतलं होतं. सगळ्या जगाला फसवलं तरी चालेल, हिला खरा समुद्र दाखवायचाच.

२

मनीषनगरातून अश्विननं, म्हणजे त्याच पोरानं, मोबाइलवर रिझर्वेशन केलं. मिळालं ते ऐन अमावस्येचं.

"अमावस्येले मी उंबरा ओलांडत नाही," प्रयागबाई म्हणाली.

"रेल्वेले सांगू काय, थोडी थांब म्हनून?"

"रेल्वेले कायले सांगता? पस्थान ठेवू ना."

प्रस्थान ठेवायची रीत हल्लीच्या पोट्ट्यांना माहीत नसते, म्हणून सांगावं लागतं. निघायचा दिवस वाईट असला की त्याच्या आधीचा एखादा चांगला मुहूर्त धरायचा. त्या मुहूर्तावर आपलं वस्त्र, सुपारी, हळदकुंकू, मूठभर तांदूळ एका गाठोड्यात बांधायचं, आणि ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या शेजाऱ्याकडं नेऊन ठेवायचं. झालं. आपण निघालो. आता अंगानं कधीही निघा, दोष लागत नाही. मात्र एकदा ठेवलेलं गाठोडं परत घरात आणायचं नाही. तिथूनच पुढं जायचं.

प्रयागबाईनं तिची जांभळी साडी घडी करून ठेवली. रुपरावाकडून एक सदरा मागून घेतला, तोही ठेवला. हळदकुंकू आणायला ती देवघरात गेली, तेवढ्यात रुपरावानं सदरा काढून उशीखाली सारला आणि गाठोड्यात तेवढाच फुगवटा यावा म्हणून जुनं वर्तमानपत्र चुरगळून कोंबलं. का, असं विचारू नका. हात शिवशिवले. 'मी काय अर्धा-अर्धा निघनारा मानूस आहो?' असं मनातल्या मनात म्हणून तो खुदखुदला. गाडीत बसल्यावर तिला सांगायचं, आणि तिचा चेहरा पाहायचा, असा बेत होता.

पश्चिमेला, गल्लीच्या पलीकडं, प्रेमिलाचं घर. दवाखान्यात सिस्टर होती, आता रिटायर.

"काकू, आम्ही मुहूर्त-गिहूर्त मानत नाही बरं," ती हसत म्हणाली.

"तू कायले मानतं? मानायचं ते मी मानते. तुह्याकडं फक्त ठेवते."

"ठेवा ना मग. गाठोड्यानं काय होते!"

प्रेमिलानं बुद्धाच्या फोटोखालची, खिडकीजवळची जागा पुसून दिली. प्रयागबाईनं गाठोडं ठेवलं, त्याला हळदीचं बोट लावलं, नमस्कार केला. प्रेमिला दारात येऊन हात हलवत म्हणाली, "टाटा काकू, जपून जाजा!" सगळे हसले. रुपराव सगळ्यात जास्त हसला.

३

दुसऱ्या दिवशी त्यानं तांडेलला फोन लावला. पायवाटेला कठडा आहे काय, हे विचारायचं राहिलं होतं.

"आहे ना," तांडेल म्हणाला. "मावशी कठडा धरूनच आल्या."

"कोन मावशी?"

"तुमच्याच. पोचल्या हो व्यवस्थित. बाकावर बसल्यात मघापासून. मी चहा विचारला तर नको म्हणाल्या. 'ते मागून येऊन राहिले,' म्हणाल्या."

रुपराव एकदम खूष झाला. इतक्या वर्षांत त्याच्यावर कोणी उलटा डाव टाकला नव्हता, आणि टाकला तो थेट कोकणातून! हे अश्विनचं काम असणार. नाहीतर प्रेमिलाचं.

"वा रे तांडेल," तो म्हणाला. "कशी आहे मंग मावशी? साडी कोनती आहे?"

"जांभळी."

रुपरावानं स्वयंपाकघराकडं पाहिलं. तिथं हिरवं पातळ नेसून प्रयागबाई चहा गाळत होती. तो तिच्या मागं जाऊन उभा राहिला आणि गमतीत म्हणाला, "ऐकलं काय वं? तू तं समुद्रावर पोचली म्हनते. बाकावर बसली आहे."

"हो ना," प्रयागबाई गाळणी झटकत म्हणाली. "पन बाक गार आहे जी."

रुपराव हसला. म्हातारीही सामील आहे म्हणायची. चहाचा पहिला घोट घेईपर्यंत तो हसतच होता. मग त्याला आठवलं, की प्रयागबाईला आयुष्यात एकदाही खोटं बोलता आलेलं नाही. देवळातल्या कवळीचं गुपित तिनं त्याच दिवशी पुजाऱ्याला सांगून टाकलं होतं.

४

प्रवासासाठी चटणी करायची म्हणून प्रयागबाईनं मिरच्या भाजायला घेतल्या. भिवापूरच्या मिरच्या. कढईत पडल्या की आधी घरातली माणसं खोकतात, मग गल्ली खोकते, मग तिकडून जाणारा ऑटोवाला शिवी देतो. प्रयागबाई तर नाकाला पदर लावूनही शिंकून बेजार व्हायची, आणि रुपराव बाहेर उभा राहून तिच्या शिंका मोजायचा. खेळच होता तो त्यांचा.

त्या सकाळी रुपराव अंगणात उभा राहून खोकत होता. समोर प्रेमिला खिडकी लावून घेत ओरडत होती, "काकू, माणसं मारता काय!" आणि घरातून शिंकच येईना.

त्यानं डोळ्यांतलं पाणी पुसत आत डोकावलं. धुरानं स्वयंपाकघर भरलं होतं. त्या धुरात प्रयागबाई शांत उभी राहून उलथनं फिरवत होती. पदर खांद्यावर, डोळे कोरडे. मोकळ्या हवेत उभं राहावं तसा तिचा श्वास चालला होता.

"तुले ठसका काहून नाही लागून राहिला?"

"वारा किती आहे," ती म्हणाली. तिच्या कपाळावरचे केस हलत होते. खिडकी बंद होती.

संध्याकाळी तिनं त्याला सांगितलं, "अजी, तुम्ही येसान तवा माहा चष्मा घेऊन येजा. लांबचं दिसत नाही मले."

चष्मा तिच्या नाकावर होता.

रुपरावानं डोकं चालवून पाहिलं. वय झालं की असं होतं. समोरच्या गल्लीतल्या चंद्रभानची आई स्वतःच्याच घरी पाहुणी आल्यासारखी बसायची. तसंच काही असेल. डॉक्टरला दाखवू. पण विसरलेल्या माणसाचा चेहरा हरवलेला असतो, आणि प्रयागबाईचा चेहरा तर असा उजळला होता, की तसा त्यानं तलावाकाठच्या त्या एका दिवशीच पाहिला होता. तिचा आवाज तेवढा बदलला होता. ओठ आधी हलायचे, आवाज मागून यायचा, आणि त्या आवाजात वारा असायचा. तोच वारा तो रोज तांडेलच्या फोनवर ऐकत होता.

अश्विनला सांगावं म्हणून त्यानं फोन लावला. "बेटा, तुही आई जाऊन राहिली रे."

"हो बाबा, अमावस्येला. तिकीट मीच काढलं ना," अश्विन हसला. "आता काय नवीन मस्करी?"

रुपराव "काही नाही" म्हणाला. खोटं बोलण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाची अशी पंचाईत होते. खरं सांगायला तोंड उघडलं, की समोरचा टाळी द्यायला हात पुढं करतो.

५

प्रयागबाईची कंबर धरली की तिला खाटेवरून उठताना हात द्यावा लागायचा. दुपारी तिनं सवयीनं हात पुढं केला. रुपरावानं सवयीनं पाय रोवले, जोर लावला, आणि मागच्या मागं पडता पडता वाचला.

मिरचीचं पोतं असतं ना, तसं झालं. दिसायला हे एवढं मोठं, नवखा हमाल कंबर कसून खाली बसतो, आणि उचललं की लक्षात येतं, आत सगळी हवाच. प्रयागबाई तशी वर आली. तिचं वजन त्याच्या हातांना ठाऊक होतं. तिला ताप चढला होता तेव्हा दवाखान्याच्या जिन्यांवरून त्यानंच तिला उचलून वर नेलं होतं, आणि वर "पोहे कमी खात जा वं" म्हणून टोमणाही मारला होता. ते वजन आता कुठंच नव्हतं.

तो तिचा हात धरून तसाच उभा राहिला. बांगड्या होत्या, पण वाजत नव्हत्या.

उद्यानाचं गेट लावायच्या वेळेला तांडेलचा फोन आला. या खेपेला त्यानं स्वतःहून केला होता.

"काका, रागावू नका, पण मावशींना समजवा. उद्यानात रात्री कोणाला थांबू देत नाहीत. दोन दिवस मी सोडून दिलं, म्हटलं नाराज होतील. आज दोघांनी धरून उठवायला गेलो तर हलल्या नाहीत. बाईमाणूस एवढी जड कशी हो?"

"तांडेल, तुले तुह्या पोरांची शपथ आहे. हे खोटं असलं तं आता सांग. मी पाया पडतो तुह्या."

"खोटं कशाला सांगू? थांबा, व्हिडिओ लावतो. तुम्हीच बोला त्यांच्याशी."

पडद्यावर आधी सुरूची झाडं हलली. मग लाकडी पायवाट, मग तांडेलचे पाय, मग एक मोठा, मळका, चकाकणारा पसारा. तो समुद्र होता. रुपरावाचं त्याच्याकडं लक्षही गेलं नाही. बाकावर पाठमोरी एक बाई बसली होती. जांभळी साडी. मानेवर बारीक अंबाडा, त्यात एकच पिन, तीही तिरपी. डावा हात तिनं शेजारच्या रिकाम्या जागेवर पालथा ठेवला होता. एसटीत घरधन्यासाठी जागा धरून ठेवतात, तसा.

"मावशी," तांडेलचा आवाज आला, "काकांचा फोन आहे."

बाईची मान हळूहळू वळायला लागली. कान दिसला. गालाची कड दिसली.

रुपरावानं फोन खाटेवर पालथा टाकला.

"फोन काहून कापला जी?" त्याच्या पाठीमागून प्रयागबाई म्हणाली. ती दारात उभी होती. तिचीही मान अर्धवट वळलेली होती. "पाहाले पाहिजे होतं. मी तुमच्याकडंच पाहून राहिली होती."

६

सकाळी तो प्रेमिलाकडं गेला आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. प्रेमिला नेहमीप्रमाणं हसली. मग त्याच्याकडं नीट पाहून तिनं हसणं थांबवलं.

"काका, बसा पाहू. बीपी बघते तुमचं."

"बीपी राहू दे. गाठोडं दे मले."

"पण काकू तर म्हणाल्या, परत घरात न्यायचं नसते."

"म्हनूनच नेतो. नेलं का निघनं मोडते. निघनं मोडलं का वापस येईन ती."

गाठोडं जसंच्या तसं खिडकीखाली होतं. हळदीचं बोटही ताजं होतं. रुपरावानं ते छातीशी धरलं आणि गल्लीत उतरला. दिवस स्वच्छ होता. कोणाच्या तरी घरात कुकर वाजत होता. अर्ध्या गल्लीत आल्यावर त्यानं मान वर केली.

प्रयागबाई दारात उभी होती. तिनं गाठोडं पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचा उजेड विझायला लागला. जत्रेतून लेकराला ओढून घरी न्यावं, तेव्हा लेकरू पाहतं तशी ती पाहत होती.

"अजी," ती म्हणाली, "आता तं पोचली होती मी."

रुपरावाचे पाय थांबले.

आणखी थोडं चालला असता, तर ती त्याची होती. वजनासकट, शिंकांसकट, दुखऱ्या कंबरेसकट. चार दिवस रुसली असती, मग पोहे केले असते. त्याला ती हवी होती. दुसरं काहीच नको होतं.

"तुले भेव नाही लागत काय तिथं?" त्यानं विचारलं. भर गल्लीत, मोठ्यानं. हसणाऱ्यांनी हसावं.

तिचे ओठ हलले. आवाज मागून आला.

"दिवसा नाही लागत. रात्री लागते. बाजूची जागा खाली आहे ना."

रुपरावानं हातातल्या गाठोड्याकडं पाहिलं. सगळ्यांना टोप्या घातल्या, आणि शेवटी स्वतःच्याच बायकोला परमुलखात एकटी पाठवून बसला. कारण काय? तर हात शिवशिवले.

तो पाठमोरा वळला आणि प्रेमिलाच्या घरात शिरला.

खिडकीखाली बसून त्यानं गाठ सोडली. चुरगळलेलं वर्तमानपत्र काढून फेकलं. मग अंगातला सदरा काढला.

"काका, हे काय करून राहिले?"

त्यानं सदऱ्याची घडी केली. घडी त्याला जन्मात कधी नीट जमली नव्हती, या वेळी जमली. सदरा जांभळ्या साडीला चिकटवून ठेवला, कमरेच्या चंचीतली सुपारी त्यावर ठेवली, आणि गाठ मारली. बनियनवरच उठून दारात आला.

"प्रेमिला, टाटा कर मले."

"पुरे झालं आता, काका."

"कर ना वं बाई. तिले केलं होतं."

प्रेमिलानं हात वर केला. हसायचा प्रयत्नही केला, पण जमलं नाही.

७

गल्ली ओलांडताना रुपरावाचे गुडघे वाजले नाहीत.

प्रयागबाई खाटेवर बसली होती, भिंतीकडं तोंड करून. तिनं डावा हात उचलून जागा दिली. तो बसला. ती वळली आणि गाठोडं ठेवल्यापासून पहिल्यांदाच तिनं त्याच्या आरपार न पाहता त्याच्याकडं पाहिलं.

"आले?"

"आलो."

"उशीर केला."

"तू तं अशी बोलून राहिली, जशी पहिल्यांदाच केला."

ती हसली. या वेळी आवाज ओठांसोबतच आला. तिचा हात त्यानं हातात घेतला. जड होता, ऊबदार होता, बांगड्या किणकिणल्या. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मिरचीचं नव्हतं.

"भेव लागून राहिलं तुमाले?" तिनं विचारलं.

"थोडं."

"होते तसं पहिल्या दिवशी. माह्याजवळ सरका."

तो सरकला. समोरची भिंत होती, पोपटी रंगाची, खिळ्यांच्या भोकांची. ती जराशी मागं सरली. मग पुढं आली. मग पुन्हा मागं. दर खेपेला परत येताना तिचा रंग थोडा कमी होत होता, आणि खालून काहीतरी मोठं, मळकं, चकाकणारं दिसायला लागलं होतं.

फळीवर फोन वाजत होता. उठून घ्यावा असं काही वाटेना. तेवढ्यात त्याच्या अगदी खांद्यामागं, झाडांच्या बाजूनं, लाकडावर पावलं वाजली आणि एक ओळखीचा आवाज कोणाला तरी सांगू लागला, "उचला ना काका. अहो, इथं बघा कोण येऊन बसलंय."

पाठमोरा बसलेला माणूस, अंगात घडीच्या रेघा उमटलेला सदरा, असंच तांडेलला दिसत असेल, हे रुपरावाला कळलं. मान वळवावीशी वाटली, पण त्यानं ती वळवली नाही.

आणि मग दार वाजलं. प्रेमिला असणार, बीपीचं मशीन घेऊन. ती जोरात हाका मारत होती, पण आवाज फार बारीक येत होता.

"काका! काकू! घरी आहात ना?"

आयुष्यभर त्यानं सगळ्यांना झटक्यात उत्तरं दिली होती, आणि त्यातलं एकही खरं नव्हतं. आता खरं उत्तर द्यायचं होतं, आणि ते त्याला ठाऊकच नव्हतं.

"सांगा ना काही तिले," प्रयागबाई त्याचा हात दाबत म्हणाली. "बिचारी उन्हात उभी आहे."

रुपरावानं दाराकडं पाहिलं. दार फार लांब होतं.